भाऊजी, विहिरीतला फोटो राहिलाय

भाऊजी, तुमच्या तेरवीनंतर चौथ्या दिवशी तुमच्या नावाचं एक पार्सल आलं. सिंदीच्या स्टुडिओचं शटर त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं होतं, तेही आत जरा हवा खेळावी म्हणून. कुरिअरवाल्यानं नाव वाचून विचारलं, "आहेत का?" ताई म्हणाली, "नाईत. मायाजवळ द्या." तिनं सही केली, पार्सल तुमच्या टेबलावर ठेवलं आणि मला वर्ध्याला फोन लावला. "रंजना, त्याईचं काईतरी सामान आलं. कॅमेऱ्याचंच असन. तू येऊन पाह्यजो, मले त्यातलं काय समजते?"

पार्सलात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, मागवलं तुम्हीच. पण ते उघडल्यापासून मला तुमच्याशी भांडायचंय, आणि तुम्ही हार घालून फोटोतून हसताय. तो फोटोही तुम्हीच टायमर लावून काढलेला, "पुढं कामात येईन" म्हणून. ताई तेव्हा दोन दिवस बोलली नव्हती तुमच्याशी. आला कामात.

तुम्ही पस्तीस वर्षं लग्नांचे फोटो काढले, मी तीस वर्षं दवाखान्यात एक्स-रे काढतेय. "आपला धंदा एकच हाय साळीबाई," तुम्ही म्हणायचे. "मी वरून काढतो, तू अंदरून काढते. माये गिऱ्हाईक हसते, तुयं रडते, एवढाच फरक." बायकोच्या धाकट्या बहिणीची थट्टा करायचा हक्क जावयाला असतो, तो तुम्ही साठीपर्यंत पुरेपूर वसूल केला. मीही काही कमी केलं नाही. तुमच्या अल्बममधल्या नवरीच्या मागे उगवणाऱ्या त्या गुलाबी कमळांवर मी जेवढं बोलले तेवढं कुणी बोललं नसेल.

मग गेल्या वर्षीच्या श्रावणात तुम्ही रोहण्याला आलात आणि आमच्या मळ्यातल्या विहिरीत डोकावलात. तिथून सगळं सुरू झालं.

आमच्या बाबांनी त्या विहिरीत कधीकाळी मरळ मासळी सोडली होती. पाणी साफ राहतं म्हणून आमच्याकडे सोडतात तशी. पुढे तिची प्रजा वाढली आणि आम्ही विसरून गेलो. त्या दिवशी तुम्ही कठड्यावर वाकून ओरडलात, "वसंता, अबे तुया विहिरीत कुंकू सांडलं का रे कोनी?" पाण्यावर खरंच लालभडक ठिपका होता, आणि तो हलत होता. मरळीची पिल्लं. शेकडो, एकमेकांना चिकटून, चेंडूसारखी. सगळी मिळून वर यायची, तोंडभर हवा घ्यायची आणि खाली जायची. आणि त्यांच्या बरोबर खाली, अंधारात, काळी लांबलचक आई आणि तिच्या बाजूला बाप, दोघं राखणीला.

माझा भाऊ वसंता म्हणाला, "पिल्लं मोठी झाली का दोघाईचा रस्सा करू भाऊजी."

तुम्ही विहिरीतच पाहत होतात. जेवायला बोलावलं तरी उठला नाहीत. जावई विहिरीपाशी बसून राहिला म्हणून आई घाबरली. संध्याकाळी गाडीत तुम्ही मला म्हणालात, "रंजना, पस्तीस वर्षं मी मान तिरपी करायला सांगून फोटो काढले. ही एक माय अशी हाय का जिले फोटोचं काई पडलं नाई. मले तिचा फोटो पायजे. वरून नाई, खालून. पिल्लं वर, माय मधात, आन् तिच्या डोक्यावर विहिरीचं तोंड."

मला तेव्हाच समजायला हवं होतं की हे गुलाबी कमळांचं प्रकरण नाही.

पहिला कॅमेरा आपण कसा बुडवला, ते आठवतं ना? तुमचा जुना कॅमेरा आणि त्याला बसणारी पाण्यात न्यायची जाड प्लास्टिकची पेटी, कुणाची तरी वापरलेली. पेटीच्या दारात रबराची गोल रिंग, ती नीट बसली तरच पाणी बाहेर. विकणाऱ्यानं दहा वेळा सांगितलं होतं, रिंग साफ ठेवा, एक केससुद्धा नको. आपण ठेवली. मी तर एक्स-रेच्या खोलीतून मऊ फडकं आणलं होतं. पण मध्ये दसरा आला, आणि दसऱ्याला तुमच्याकडे सगळ्या कॅमेऱ्यांची पूजा. ताईनं आपल्या हातानं पेटीला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, सोनं ठेवलं. तुम्ही हात जोडले, पेटी बंद केली आणि तीन दिवसांनी दोरीला बांधून विहिरीत सोडली. वर काढली तेव्हा कॅमेरा आतल्या आत पोहत होता. रिंगेवर एक तांदळाचा दाणा होता, कुंकवानं लाल झालेला. एकच.

तुम्ही तो दाणा चिमटीत धरला, माझ्याकडे पाहिलं आणि विहिरीत टाकून दिला. "सुशीलाले सांगजो नको," म्हणालात. "रबर जुनं होतं म्हनू." कॅमेऱ्याचं एवढं वाटोळं झालं आणि तुम्हाला पहिली काळजी ताईला काय वाटेल याची. भाऊजी, मी तुमच्याशी कितीही भांडले असेन, त्या दिवशी तुम्ही मला फार आवडलात. हे तेव्हा सांगायचं राहिलं, म्हणून आता सांगते.

नंतर नवा कॅमेरा कोणता घ्यायचा यावर आपली वर्षभर जुंपली. तुम्हाला मोठा हवा होता. विहिरीत उजेड कमी, मोठ्या कॅमेऱ्याची आतली उजेड टिपणारी पाटी मोठी, ती कमी उजेडातही रंग ओढते. समोर काचेचा घुमट, म्हणजे रुंद लेन्स पाण्यातही रुंदच राहील. दोन बाजूंना दोन फ्लॅश. सगळं मिळून भरल्या घागरीएवढं वजन. मी म्हणत होते, लहान घ्या. तळहाताएवढा, मुळातच पाणी न शिरणारा. आपली विहीर दोन पुरुष खोल, समुद्र थोडीच आहे. बांबूला बांधायचा, वरून सोडायचा, मोबाइलवर पाहत फोटो काढायचा, पाण्यात उतरायचं कामच नाही.

"पान्यात वायरलेस जात नाई साळीबाई. बोटभर बुडाला का तुया मोबाइल आंधळा. मंग माय कुठं अन् पिल्लं कुठं, कसं पाहशीन?"

"मंग चालू करून सोडून द्या. शंभर फोटोत एक तरी येईन."

"लॉटरी हाय का? पान्यातल्या फोटोचा एकच कायदा, जवळ जा. दूर राह्यलं का मधात गाळ येते, फ्लॅश मारला का गाळच चमकते. हातभर अंतरावर जाऊन, लाइट बाजूले धरून काढा लागते. बांबूले अक्कल हाय का?"

तुमचं बरोबर होतं. प्रत्येक वेळी तुमचंच बरोबर असायचं. मी दवाखान्यातून आल्यावर मोबाइलवर वाचत बसायची, तुमच्या मुद्द्यात भोक शोधायची, आणि रविवारी तुम्ही ते भोक एका वाक्यात बुजवायचे. मग मी नवं शोधायची. ताई म्हणायची, "एक कॅमेरा घ्याले एवढं? याच्यात तं पोरीचं लग्न जमून जाते."

आता खरं सांगते. माघापासून मला कॅमेऱ्याशी काही देणंघेणं उरलं नव्हतं.

माघात तुम्हाला धाप लागत होती. डॉक्टरांनी छातीचा फोटो सांगितला आणि तुम्ही हसत माझ्या खोलीत आलात. "आज माया फोटो. मान तिरपी करू का?" मी तुम्हाला पाटीला छाती टेकवून उभं केलं, खांदे पुढे घ्यायला लावले, काचेमागे गेले आणि तीस वर्षं रोज म्हणते तेच म्हटलं, "श्वास घ्या. धरून ठेवा." बटण दाबलं. हल्ली फोटो लगेच पडद्यावर येतो. आला. तुमचं हृदय मी पाहिलं, भाऊजी. त्याची सावली किती रुंद असावी याचं माप आम्हाला नजरेनंच कळतं. ती मापात नव्हती.

किती वेळ गेला कोण जाणे. काचेपलीकडून तुमचा कोंडलेला आवाज आला, "रंजना, सोडू का आता?"

मी "सोडा" म्हणायलाच विसरले होते. इतक्या वर्षांत एकदाही विसरले नव्हते.

फोटो काढणाऱ्यानं फोटोवर बोलायचं नसतं, ते डॉक्टरांचं काम. हा आमच्या कामाचा नियम, आणि मी तो पाळला. तुम्ही डॉक्टरांकडून बाहेर आलात, "गोळ्या देल्ल्या, बाकी काई नाई" म्हणालात, आणि मी "बरं झालं" म्हटलं. एवढं मोठं खोटं आपण दोघं एकमेकांच्या तोंडावर बोललो आणि मग कँटीनमध्ये जाऊन पोहे खाल्ले.

त्यानंतर उन्हाळ्यात तुम्ही रोहण्याच्या विहिरीत ट्रॅक्टरची ट्यूब घालून पोहायला शिकायला लागलात. साठाव्या वर्षी! पायऱ्या उतरताना तीनदा थांबत होतात. वसंता टाळ्या वाजवत होता आणि मी कठड्यावर उभी राहून मनातल्या मनात तुमचे श्वास मोजत होते. मोठा कॅमेरा आला की तुम्ही उतरणार, हे मला दिसत होतं. म्हणून लहान कॅमेरा. म्हणून बांबू. तुम्ही पाण्याचे, उजेडाचे, लेन्सचे मुद्दे मांडायचे, मीही त्याच भाषेत उत्तर द्यायची, आणि "भाऊजी, तुमचं हृदय मोठं झालंय, उतरू नका" हे एक वाक्य काही तोंडातून निघायचं नाही. ताईसमोर तर नाहीच. मला वाटे, यांना पुरतं कळलेलं नाही, आपण कशाला घाबरवायचं?

आषाढात तुम्ही मध्येच विचारलंत, "तुया चष्म्याचा नंबर किती वं?" मी म्हटलं, "काऊन? सोयरीक जमवता का माही?" तुम्ही म्हणालात, बाजूच्या चष्म्याच्या दुकानात सूट चालू आहे. मी नंबर सांगितला. उणे साडेतीन, दोन्ही डोळ्यांचा. आणि विसरून गेले.

भादव्यात एका सकाळी तुम्ही स्टुडिओचं शटर अर्धं उचललंत आणि तिथेच बसलात. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. ज्यांनी पाहिलं ते सांगतात, अन् मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

तर पार्सल. ताईनं कात्री दिली आणि दारात उभी राहिली. आतून पाण्यात घालायचा चष्मा निघाला, तो डोळे आणि नाक झाकणारा, मागे रबरी पट्टा असलेला. मी म्हटलं, हे पाहा, उतरायची केवढी हौस! राग आला मला, खरंच. मग खोक्यावरची चिठ्ठी वाचली. काचा नंबरच्या होत्या. उणे साडेतीन, दोन्ही.

तुम्हाला तर नुसता वाचायचा चष्मा होता.

मी माझा चष्मा काढून टेबलावर ठेवला. स्टुडिओ नेहमीसारखा धुरकट झाला, भिंतीवरचे नवरा-नवरी, ताई, सगळं एकात एक मिसळलं. मग तो पाण्यातला डोळ्यांना लावला. आणि समोर तुम्ही. हारातलं एकेक फूल दिसत होतं, तुमच्या मिशीतला पांढरा केससुद्धा. ताई म्हणाली, "काय झालं वं? काऊन रडून राह्यली?" मला सांगता येईना. नाक त्यात बंद होतं.

टेबलाच्या खणात तुमची वही होती. मोठा कॅमेरा, घुमट, दोन फ्लॅश, या सगळ्यावर तुम्ही काट मारली होती. खाली तुमच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: लहान कॅमेरा, रंजनाच्या मुठीत बसन असा. वरून बसवायची रुंद लेन्स. लाइट एकच, लांब दांडीवर, बाजूला, नाहीतर गाळ चमकन. सगळं वरच सेट करून द्यायचं, खाली फक्त बटन दाबायचं, कारण एका श्वासात काम झालं पायजे. तिच्या बाबांनी तिले याच विहिरीत भोपळा बांधून पोहनं शिकवलं, ती विसरली नसन. पाण्याले भीत नाई, मले सांगाले भीते.

आणि सगळ्यात खाली, वेगळ्या शाईनं: "सोडा" म्हनाले विसरली तवाच समजलं.

म्हणजे माघापासून तुम्हाला माहीत होतं. तुम्ही ट्यूबवर तरंगत होतात ते मला घाबरवायलाच का, म्हणजे मीच शेवटी म्हणावं, "थांबा, मी उतरते"? आणि मी मात्र बांबूची लांबी मोजत बसले. भाऊजी, एवढ्या साध्या गोष्टीला वर्ष लागलं आपल्याला! तुम्ही तोंडानं विचारलं असतं तर मी उतरले असते. मीही तोंडानं बोलले असते तर तुम्ही चार गोष्टी जास्त ऐकल्या असत्या, कदाचित चार महिने जास्त काढले असते. हा हिशोब आता कुणाकडे नेऊ? म्हणून नेत नाही. रडून झालं माझं. ताईचं झालं का, ते तिला विचारत नाही.

मी तुमच्या वहीतलं सामान मागवलं, एकही ओळ न बदलता. वाद संपला असं समजा. कॅमेऱ्यावर तुम्ही हरलात आणि उतरण्यावर मी. वसंताला फोन केला. तो म्हणाला, दुसऱ्या खेपेची पिल्लं निघालीत, पुन्हा तसाच लाल गोळा. पण दिवाळीनंतर मोटर लावून विहीर उपसायची आहे, गाळ काढणारे सांगून ठेवलेत. मी म्हटलं, "मरळीले हात लावला तं पाहून घेजो." तो म्हणाला, "भाऊजीचा फोटो निघेपर्यंत नाई लावत." आणि लगेच, "नंतरही नाई लावत. त्या जोडप्याले मागच्या टाक्यात ठेवतो."

रस्सा करणारा आमचा वसंता, बघा.

कॅमेरा आला आणि दोन दिवसांनी दसरा. यंदा सण करायचा नव्हता. पण सकाळी ताईनं तुमचे सगळे कॅमेरे पाटावर मांडले. "सन नाई करायचा, मान्य. पन त्याईनं हत्याराची पूजा कधी चुकवली नाई." नवा कॅमेराही ठेवला. मी ताटातल्या अक्षतांकडे पाहत राहिले. कसं सांगावं? ताईनं कुंकवाचं बोट उचललं आणि कॅमेरा बाजूला सारून त्याच्या रिकाम्या खोक्याला लावलं. अक्षताही खोक्यावरच.

"रबरावर दाना जाते," ती म्हणाली. "मागच्या वर्षी गेलता."

"तुले कोनं सांगतलं?"

"कोनी नाई. कॅमेरा पुसायले मलेच देला होता ना त्याईनं. कुंकवाचं पानी निघालं आतून." मग पाट उचलत म्हणाली, "मले समजलं, हे त्याईले समजू देलं नाई. मायासाठी लपवलं होतं, लपू देलं."

भाऊजी, तुमच्या घरात कुणी कुणाशी सरळ बोलत होतं का हो? पण आता निदान आम्ही दोघी बोलतो. त्या दिवशी मी तिला माघातलं सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मीही येतो विहिरीवर."

गेले पंधरा दिवस मी रोज पहाटे पोहतेय. पहिल्या दिवशी दम दहाच आकड्यांत संपला, आता चाळीसपर्यंत जातो. कॅमेऱ्याच्या दाराचं रबर ओल्या फडक्यानं पुसलं, बोट फिरवून पाहिलं, मग कॅमेरा आधी ताईच्या रांजणात तासभर बुडवून ठेवला. एक थेंब आत नाही. कॅमेरा पाण्यातल्या हिरव्या उजेडावर पांढरी थाळी धरून जुळवलाय, म्हणजे पिल्लांचा लाल रंग लालच दिसेल. तुम्हाला विचारायचं होतं, दिवा डावीकडे धरू की उजवीकडे. विचारलं, उत्तर आलं नाही, तर डावीकडे ठरवलं. चुकलं तर पुन्हा उतरेन. परवा उतरेन, तेरवा उतरेन. दिवाळीला अजून दिवस आहेत.

उद्या रविवार. बारा वाजता ऊन सरळ विहिरीत उतरतं, तेव्हा जायचं. वसंता ट्यूब घेऊन पाण्यात माझ्या बाजूला राहील. माझ्या कमरेला दोरी, तिचं दुसरं टोक कठड्यावर ताईच्या हातात. तिला मी सगळं समजावून सांगितलंय. मी खाली गेले की मोजायचं, तीस झाले की दोरीला हिसका द्यायचा, फोटो मिळो न मिळो.

"श्वास घ्या, धरून ठेवा" हे मी माझं मलाच म्हणेन. "सोडा" म्हणायचं काम ताईकडे दिलंय. ती विसरणार नाही.